नव्वद आकड्यांची सोडत

स्वतंत्र घटना आणि अवलंबी घटना हा संभाव्यतेच्या गणितातील भेद पाठ्यपुस्तकांत नाणी, फासे आणि पत्ते यांच्या आधाराने शिकवला जातो. परंतु युरोपच्या लोकजीवनात हा भेद सर्वांत दीर्घ काळ आणि सर्वांत मोठ्या रकमांनिशी कसाला लागला तो इटलीतील जिनोआ या बंदराच्या शहरात जन्मलेल्या एका सोडतीत. या सोडतीत १ ते ९० अशा आकड्यांपैकी पाच आकडे काढले जात, आणि एकाच खेळात दोन्ही प्रकारच्या घटना शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे एकीला दुसरी समजण्याची चूक या खेळात जितकी सहज होई, तितकी क्वचितच दुसऱ्या कोठे होत असेल. सुमारे चार शतके असंख्य सामान्य माणसांनी या चुकीची किंमत मोजली, आणि त्याच काळात गणितज्ञांनी ती चूक नेमकी कोठे होते हे शब्दांत आणि सूत्रांत पकडले.

सोडतीचा उगम जुगारात नसून राज्यकारभारात आहे. आंद्रेआ दोरिया याने १५२८ मध्ये जिनोआच्या प्रजासत्ताकाची नवी घडी बसवली आणि १५७६ च्या कायद्यांनी ती पक्की झाली. त्या व्यवस्थेत राज्याच्या सर्वोच्च मंडळांतील पाच जागा दर सहा महिन्यांनी रिकाम्या होत, आणि त्या भरण्यासाठी पात्र ठरलेल्या १२० उमरावांच्या नावांमधून चिठ्ठ्या काढल्या जात. या नावांच्या संचाला सेमिनारिओ असे म्हणत. सागरी विम्याचा आणि सावकारीचा धंदा अंगवळणी पडलेल्या त्या शहरात कोणाची नावे निघतील यावर पैजा लागू लागल्या, सरकारने त्यांवर वारंवार बंदी घातली, आणि बंदी निष्फळ ठरल्यावर सतराव्या शतकाच्या मध्यास त्याच पैजांना परवानगी देऊन त्यांतून महसूल मिळवण्याचा मार्ग पत्करला. पुढे माणसांच्या नावांची जागा आकड्यांनी घेतली, आकडे ९० वर स्थिरावले आणि उमरावांच्या निवडणुकीशी असलेला संबंध तुटला. तरी काढायचे आकडे मात्र पाचच राहिले.

त्या निवडणुकीची आणखी एक खूण सोडतीत शिल्लक राहिली, आणि गणिताच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. एक माणूस एकाच वेळी दोन जागांवर बसू शकत नसल्यामुळे एकदा निघालेले नाव पुन्हा पेटीत टाकण्याचे कारण नव्हते. नावांचे आकडे झाले तेव्हाही ही रीत तशीच चालू राहिली, आणि पहिली गोळी निघाली की दुसरी गोळी उरलेल्या ८९ मधूनच निघे. म्हणजे एका सोडतीपुरती पेटीला आठवण असते, कारण आधी काय निघाले ते तिच्या आतल्या गोळ्यांच्या संख्येतच नोंदलेले असते. पुढच्या सोडतीपूर्वी मात्र पाचही गोळ्या परत टाकून नव्वदचा संच पूर्ण केला जातो आणि त्याबरोबर ती आठवण पुसली जाते. एक घटना घडल्याचे कळल्याने दुसरीची संभाव्यता बदलत असेल, तर त्या घटना परस्परांवर अवलंबून असतात. ती बदलत नसेल, तर त्या स्वतंत्र असतात. या अर्थाने एकाच सोडतीतील गोळ्या अवलंबी आहेत आणि दोन सोडती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत.

खेळणाऱ्याला अनेक प्रकारे पैसे लावता येत. एकच आकडा लावला तर तो पाचांत येण्याची संभाव्यता ९० पैकी ५, म्हणजे १८ त एक असे. दोन आकड्यांच्या जोडीला आंबो, तिघांना तेर्नो, चौघांना क्वातेर्नो म्हणत, आणि फ्रान्समध्ये पाचही आकडे ओळखण्याच्या पैजेला कीन असे नाव होते. जोडीचा हिशेब करताना पहिला विचार असा सुचतो की एका आकड्याची संभाव्यता १८ त एक असेल, तर दोघांची १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ त एक असावी. हा गुणाकार स्वतंत्र घटनांना लागू पडतो, येथे तो लागू पडत नाही. कारण जोडीतील एक आकडा निघाला आहे असे गृहीत धरले, की दुसऱ्या आकड्यासाठी पाचांपैकी चारच जागा आणि नव्वदांपैकी ८९ च आकडे उरतात, त्यामुळे त्याची संभाव्यता ५/९० न राहता ४/८९ होते. पहिली घटना घडल्याच्या अटीवर काढलेल्या या दुसऱ्या संभाव्यतेला सशर्त संभाव्यता म्हणतात, आणि अवलंबी घटनांचा गुणाकार तिच्याशीच करावा लागतो. तो केला की जोडी येण्याची संभाव्यता ८०१ त दोन, म्हणजे जवळजवळ ४०० त एक ठरते.

३२४ आणि ४०० यांतील अंतर किरकोळ वाटण्यासारखे असले, तरी आकडे वाढतील तसे ते झपाट्याने रुंदावत जाते. तेर्नोसाठी चुकीचा गुणाकार ५,८३२ त एक सांगतो आणि खरी संभाव्यता ११,७४८ त एक असते. क्वातेर्नोसाठी चुकीचे उत्तर १,०४,९७६ त एक येते आणि खरे ५,११,०३८ त एक. पाचही आकड्यांसाठी चुकीचे उत्तर सुमारे १९ लाखांत एक असे येते, तर खरे उत्तर ४,३९,४९,२६८ त एक असे आहे.

हे अंतर कोणाच्या खिशातून कोणाच्या तिजोरीत जात होते, हे फ्रान्सच्या शाही लॉटरीचे दर पाहिल्यावर स्पष्ट होते. या खेळाला फ्रान्समध्ये आणण्याच्या कामी जाकोमो कासानोव्हा आणि काल्झाबिजी बंधू यांचा पुढाकार होता. सैनिकी विद्यालयाच्या खर्चासाठी पैसा हवा होता म्हणून १७५७ मध्ये ही योजना मान्य झाली, १७५८ मध्ये पहिली सोडत निघाली, आणि १७७६ मध्ये तिचे रूपांतर शाही लॉटरीत झाले. तेथे एका आकड्यावर लावलेल्या रकमेच्या १५ पट, जोडीवर २७० पट, तिघांवर ५,५०० पट, चौघांवर ७५,००० पट आणि पाचांवर दहा लाख पट बक्षीस मिळे. स्वतंत्र घटनांचा चुकीचा गुणाकार मनात धरून हे दर तपासले, तर एका आकड्यावर लावलेल्या प्रत्येक १०० नाण्यांमागे सरासरीने ८३ परत येतात, जोडीवरही नेमकी तितकीच येतात आणि तेर्नोवर तर ९४ येताना दिसतात. म्हणजे जोडीची आणि तेर्नोची पैज एका आकड्याच्या पैजेइतकीच, किंबहुना अधिक, उदार भासते. खऱ्या हिशेबात मात्र जोडीवर ६७, तेर्नोवर ४७, क्वातेर्नोवर १५ आणि पाचांवर जेमतेम दोन नाणी परत येतात. दर ठरवणाऱ्यांनी हा सापळा जाणून रचला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पेटीला आठवण असते हे न ओळखणाऱ्याला तो दिसणे शक्य नव्हते, आणि दहा लाख पटीचे स्वप्न पाहणारे बहुतेक जण अशांपैकीच होते.

अशी योजना आपल्या राज्यात आणण्यासारखी आहे काय, असा प्रश्न प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याला पडला, आणि १७४९ मध्ये त्याने तिचा हिशेब तपासण्याचे काम बर्लिनच्या अकादमीत असलेल्या लिओनार्ड ऑयलर याच्याकडे सोपवले. बर्लिनमध्ये सोडत प्रत्यक्षात १७६३ मध्ये सुरू झाली. ऑयलरचे मन मात्र या विषयात गुंतून राहिले आणि त्यातून केवळ गणिताच्या आनंदासाठी विचारलेला एक सुंदर प्रश्न पुढे आला. निघालेल्या पाच आकड्यांत किमान दोन लागोपाठचे असण्याची, म्हणजे ३४ आणि ३५ किंवा ७ आणि ८ अशी शेजारजोडी येण्याची, संभाव्यता किती? १७६७ मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात त्याने अशा क्रमांची पद्धतशीर गणना केली. नव्वदांमधून पाच आकडे निवडण्याचे ४,३९,४९,२६८ प्रकार आहेत आणि त्यांपैकी एकही शेजारजोडी नसलेले ३,४८,२६,३०२ आहेत, त्यामुळे शेजारजोडी येण्याची संभाव्यता पाचांत एकाहून थोडी अधिक निघते. आकडे विखुरलेलेच येतील अशी सर्वसाधारण समजूत असताना दर पाच सोडतींपैकी एकीत शेजारी बरोबर बाहेर पडतात, ही गोष्ट आजही ऐकणाऱ्याला चकित करते. लक्षात घेण्याजोगे हे की, अवलंबित्वाचा प्रश्न ऑयलरने एकामागून एक सशर्त संभाव्यता गुणत न जाता पाचांच्या संपूर्ण गटांची मोजणी करून सोडवला; दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचतात, पण मोजणीची वाट अशा खेळांत बहुधा अधिक सोपी पडते.

स्वतंत्र आणि अवलंबी घटनांतील भेदाला शब्दरूप देण्याचे श्रेय अब्राहम द म्वाव्र याच्याकडे जाते. धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडून लंडनला आलेला हा गणितज्ञ शिकवण्या करून आणि पैजांचे हिशेब सांगून गुजराण करीत असे. त्याचा संभाव्यतेवरील ग्रंथ प्रथम १७१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १७३८ च्या आवृत्तीत त्याने असे स्पष्ट केले की दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसेल आणि एकीच्या घडण्याने दुसरीला साहाय्य किंवा अडथळा होत नसेल तर त्या स्वतंत्र, आणि एकीच्या घडण्याने दुसरीची संभाव्यता बदलत असेल तर त्या अवलंबी. जवळजवळ दोन शतकांनंतर, १९३३ मध्ये, आंद्रेई कोल्मोगोरोव्ह याने संभाव्यतेची स्वयंसिद्धांवर उभारणी केली, तेव्हा त्याने गुणाकारालाच स्वातंत्र्याची व्याख्या मानले: दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता त्यांच्या वेगवेगळ्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी असेल, तर आणि तरच त्या स्वतंत्र. द म्वाव्रची व्याख्या मात्र शिकणाऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे, कारण हिशेबाला हात घालण्याआधी कोणता प्रश्न विचारावा हे ती सांगते.

एकीच्या घडण्याने दुसरीची संभाव्यता बदलते काय, या प्रश्नाचे उत्तर शाही लॉटरीच्या विस्तारातून फार चांगले समजते. पॅरिसखेरीज लियाँ, बोर्दो, स्ट्रासबुर्ग अशा शहरांतही पुढे वेगळ्या सोडती निघू लागल्या. ५३ हा आकडा पॅरिसलाही यावा आणि लियाँलाही यावा, अशी इच्छा धरली तर दोन पेट्यांना एकमेकींची वार्ता नसल्यामुळे संभाव्यता सरळ गुणाकाराने ३२४ त एक येते. ५३ आणि ५४ हे दोन्ही पॅरिसच्याच पेटीतून यावेत अशी इच्छा धरली तर ती ४०० त एकाच्या आसपास जाते. दोन्ही ठिकाणी दोनच अपेक्षा पुऱ्या व्हायच्या असतात आणि प्रत्येक अपेक्षा सुटी पाहिली तर १८ त एक इतकीच संभाव्य असते. फरक एवढाच की एका पेटीत पहिल्या अपेक्षेने दुसरीची जागा अडवलेली असते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण तिच्याअभावी अवलंबित्वाचा चुकीचा अर्थ घेतला जातो. ५३ हा आकडा पाचव्या क्रमांकावर निघण्याची संभाव्यता पहिल्या क्रमांकावर निघण्याइतकीच, म्हणजे ९० त एक असते. शेवटच्या गोळीपर्यंत आकडे कमी झालेले असल्याने ती वाढते, असे सोडत सुरू होण्यापूर्वी म्हणता येत नाही, कारण त्या कमी झालेल्या आकड्यांत ५३ स्वतःच असण्याचीही शक्यता असते. पहिल्या चार गोळ्या पाहून झाल्यावर, आणि त्यांत ५३ नाही हे कळल्यावरच, ती ८६ त एक होते. अवलंबी घटनांत संभाव्यता बदलते ती नवी माहिती हाती आल्यामुळे.

एका सोडतीच्या आत पेटीला आठवण आहे हे लोक विसरत. उलट दोन सोडतींच्या मध्ये, जेथे आठवण मुळीच नसते, तेथे ती आहे असे ठामपणे मानत. बरेच दिवस न आलेला आकडा आता आलाच पाहिजे ही समजूत लॉटरीइतकीच जुनी आहे, आणि तिच्या आधारे मागील सोडतींचे तक्ते छापून विकण्याचा धंदाही भरभराटीला आला. ज्ञानकोशकार दालाम्बेर यानेही नाण्याची एकच बाजू अनेकदा पडल्यावर दुसरी बाजू पडण्याचा संभव वाढतो असे प्रतिपादन केले होते, यावरून ही समजूत केवळ अशिक्षितांची नव्हती हे दिसून येते. पिएर सिमाँ लाप्लास याने संभाव्यतेवरील आपल्या १८१४ च्या तात्त्विक निबंधात फ्रान्सच्या लॉटरीचेच उदाहरण घेतले: एखादा आकडा दीर्घकाळ आला नाही की लोकांची त्यावर झुंबड उडते, परंतु झालेल्या सोडतींचा पुढच्या सोडतीवर काहीही परिणाम नसतो. लाप्लासने हे पुस्तकातच सांगून सोडले नाही. १८१९ मध्ये त्याने लॉटरी बंद करण्याच्या बाजूने वरिष्ठ सभागृहात मत मांडले. क्रांतीच्या काळात १७९३ मध्ये बंद पडून १७९७ मध्ये पुन्हा सुरू झालेली ही लॉटरी अखेर १८३६ च्या प्रारंभी संपली, तेव्हा लाप्लास हयात नव्हता. श्रीमंताला करमणूक आणि गरिबाला घरभाडे गमावण्याचे साधन असलेल्या या खेळाविरुद्ध एवढ्या मोठ्या गणितज्ञाने उभे राहावे, ही त्याच्या चरित्रातील फारशी न सांगितली जाणारी पण मोलाची बाजू आहे.

इटलीत मात्र ही लॉटरी लोत्तो या नावाने टिकली. पोप तेराव्या बेनेडिक्टने ती खेळणाऱ्यांना धर्मबहिष्काराचा धाक घातला, तर त्याच्यामागून आलेल्या बाराव्या क्लेमेंटने १७३१ मध्ये ती पुन्हा सुरू केली; रोममधील प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्याच्या बांधकामाला तिच्याच उत्पन्नाचा हातभार लागला. नेपल्समध्ये १६८२ पासून सुरू झालेला हा खेळ तर लोकजीवनात इतका मुरला की प्रत्येक स्वप्नाला आणि प्रसंगाला एक आकडा देणारा स्मॉर्फिया नावाचा कोशच तेथे रूढ झाला. त्यात २५ म्हणजे नाताळ, ४७ म्हणजे मेलेला माणूस, ४८ म्हणजे बोलणारा मेलेला माणूस आणि ९० म्हणजे भीती. स्वप्नात मृत वडील येऊन बोलले तर ४८ लावायचा, हा त्या शहराचा रिवाज होता.

नाताळच्या आठवड्यात सरकारी सोडत बंद असे, आणि त्या दिवसांत नेपल्सची कुटुंबे घरीच नव्वद आकड्यांचा एक खेळ खेळत, त्याचे नाव तोंबोला. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या मंडपात, सोसायटीच्या स्नेहसंमेलनात आणि महिला मंडळांत हाउझी किंवा तंबोला या नावाने खेळला जाणारा खेळ त्याच कुळातला आहे. पंधरा आकड्यांचे तिकीट, अर्ली फाइव्ह, टॉप लाइन आणि फुल हाउस यांची बक्षिसे, आणि १ ते ९० मधून एकेक पुकारला जाणारा आकडा हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. नेपल्सचे नाव आणि नव्वदचा आकडा त्यात जसाच्या तसा उतरलेला आहे. लोत्तो आणि तंबोला यांत नव्वद आकडे सारखेच असले, तरी एक फरक निर्णायक आहे: तंबोल्यात पुकारलेला आकडा खेळ संपेपर्यंत परत जात नाही. त्यामुळे साठ आकडे पुकारून झाल्यावर तिकिटावरचा एकच आकडा उरला असेल, तर पुढच्याच पुकाराला तो येण्याची संभाव्यता ३० त एक असते, जी आरंभी ९० त एक होती. आणि तोही चुकला तर पुढच्या वेळी ती २९ त एक होते. फुल हाउसला एक आकडा कमी असलेल्या बाईला प्रत्येक पुकारागणिक जी धाकधूक वाटते आणि आता येईलच असे जे वाटते, ते गणिताच्या दृष्टीने पूर्णपणे बरोबर आहे. रखडलेला आकडा जवळ येत चालला आहे ही जाणीव नाताळच्या रात्री खरी असते, आणि तीच जाणीव जानेवारीत लोत्तोच्या दुकानात नेली की खोटी ठरते. घरात शिकलेला धडा बाजारात उलटा पडण्याची ही जागा नेपल्सच्या माणसाच्या हाताशी दरवर्षी येत असे. रखडलेल्या आकड्यांवरील श्रद्धा इटलीत एवढी चिवट का राहिली, याचे एक कारण येथे असावे असे मानण्यास जागा आहे.

ती श्रद्धा किती महाग पडू शकते, हे एकविसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांना दिसले. इटलीच्या राष्ट्रीय लोत्तोत त्या काळी दहा शहरांच्या स्वतंत्र सोडती आठवड्यातून दोनदा निघत, आणि त्यांपैकी व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३ च्या मे महिन्यापासून निघालाच नाही. महिने गेले तसा तो देशभरच्या चर्चेचा विषय झाला, लोकांनी बचत मोडून त्यावर पैसे लावले, काही कुटुंबे कर्जबाजारी झाली आणि आत्महत्याही घडल्या; तत्कालीन वृत्तपत्रांच्या हिशेबानुसार या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम लागली. ५३ प्रमाणे एखादा आकडा सलग १८२ सोडतींत न येण्याची संभाव्यता सुमारे ३३ हजारांत एक आहे, परंतु दहा शहरे आणि प्रत्येकी नव्वद आकडे असे नऊशे उमेदवार वर्षानुवर्षे रांगेत उभे असताना त्यांपैकी एखाद्याच्या वाट्याला असा दीर्घ विजनवास कधी तरी येणे साहजिकच होते. आणि तो आल्यानंतरही प्रत्येक सोडतीच्या दिवशी ५३ ची संभाव्यता १८ त एक एवढीच होती, पहिल्या दिवशी होती तेवढीच. ९ फेब्रुवारी २००५ रोजी, बुधवारी, ५३ निघाला. त्यानंतरच्या शनिवारच्या सोडतीसाठी ती गोळी इतर चौघींबरोबर पुन्हा पात्रात गेली, आणि नव्वदचा संच पूर्ण झाला.